भक्कम पाने आणि पैसे देणारा : पोकरच्या ग्रंथांतील ‘व्हॅल्यू’चा विचार

१

पोकर म्हटले की आपल्याकडच्या वाचकाला थाप आठवते. हाती काही नसताना चेहऱ्यावरची रेषही न हलू देता समोरच्याला पाने टाकायला लावणारा खेळाडू चित्रपटांनी आपल्या परिचयाचा करून दिला आहे. या खेळावर इंग्रजीत झालेले लेखन मी गेली बारा-तेरा वर्षे, जुन्या पुस्तकांच्या दुकानांतून जमेल तसे मिळवून, वाचत आलो आहे. त्या वाचनातून उभे राहणारे चित्र वेगळे आहे. या ग्रंथकारांना थापेपेक्षा अधिक काळजी उलट प्रसंगाची वाटते. अतिशय भक्कम पाने हाती आली आहेत, ती हरण्याची शक्यता जवळजवळ नाही. आता समोरच्याकडून जास्तीत जास्त पैसे कसे निघतील?

या प्रश्नासाठी त्या लेखनात एक रूढ शब्द आहे : ‘व्हॅल्यू’. मराठी समीक्षेला ‘मूल्य’ हा शब्द फार जवळचा. वाङ्मयीन मूल्य, जीवनमूल्य, मूल्यव्यवस्था या शब्दांवर आपल्याकडे पिढ्यानपिढ्या वाद झाले आहेत. पोकरमधील व्हॅल्यूचा त्यांच्याशी संबंध नाही. ‘व्हॅल्यूसाठी पैसे लावणे’ म्हणजे आपल्याहून हलकी पाने असणाऱ्याने आपल्याला पैसे द्यावेत या हेतूने पैसे लावणे. मराठीत याला नेमका शब्द ‘वसुली’. पुढे मी तोच वापरणार आहे.

प्रस्तुत लेखाचे म्हणणे थोडक्यात असे आहे की, या ग्रंथपरंपरेने वसुलीचे शास्त्र जसजसे पक्के केले, तसतसा त्या लेखनातून पैसे देणारा माणूस दिसेनासा होत गेला. ऑनलाइन खेळाने ही प्रक्रिया पूर्णत्वाला नेली. हे म्हणणे तपासण्यासाठी काही ग्रंथ जरा जवळून पाहावे लागतील.

२

तीन पत्तीपुरतीच ओळख असलेल्या वाचकांसाठी आधी खेळाची थोडी माहिती. आज सर्वाधिक खेळल्या जाणाऱ्या ‘टेक्सास होल्डम’ प्रकारात प्रत्येकाला दोन पाने झाकून मिळतात. मग मेजावर सर्वांच्या सामाईक वापरासाठी आधी तीन, नंतर एक, शेवटी आणखी एक अशी ५ पाने उघडली जातात. झाकलेली २ आणि उघडी ५ यांतून ज्याची ५ पाने सर्वांत वरचढ, तो जिंकतो. पाने वाटल्यावर आणि प्रत्येक उघडणीनंतर पैसे लावण्याची फेरी होते. कोणीही पैसे लावले की इतरांनी तेवढे भरायचे, वाढवायचे किंवा पाने टाकून बाहेर पडायचे. मधोमध साठलेल्या रकमेला पॉट म्हणतात.

या खेळाकडे गणिताच्या नजरेने पाहणाऱ्यांत जॉन फॉन नॉयमन हे नाव अग्रणी. १९२८ साली त्यांनी अशा खेळांच्या सिद्धान्तावर निबंध लिहिला. १९४४ साली ऑस्कर मॉर्गेनस्टर्न यांच्यासह लिहिलेल्या ‘थिअरी ऑफ गेम्स अँड इकॉनॉमिक बिहेविअर’ या ग्रंथात पोकरला स्वतंत्र प्रकरण दिले. त्या प्रकरणात थाप मारण्याचे दोन हेतू सांगितले आहेत. पहिला सर्वांना ठाऊक असलेला : दुबळेपणी बळाचा आभास निर्माण करणे. दुसरा हेतू आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा : खरे बळ असताना दुबळेपणाचा संशय जागा ठेवणे. मनुष्य कधीच थापा मारत नाही असे ठरले, तर त्याने पैसे लावताच बाकीचे उठून जातील आणि त्याची भक्कम पाने उपाशी राहतील. त्यांनी मांडलेल्या सोप्या नमुन्यात खेळाडू उत्तम पानांवर पैसे लावतो, अगदी टाकाऊ पानांवरही लावतो, आणि मधल्या पानांवर गप्प बसतो.

याचा हिशेब कोणालाही करता येतो. पॉटमध्ये १०० रुपये आहेत आणि मी शेवटच्या फेरीत आणखी १०० लावले. समोरच्याला आता २०० मिळवण्यासाठी १०० घालायचे आहेत. तीनांत एकदा त्याचा संशय खरा ठरला तरी त्याचे नुकसान नाही. म्हणून मी दोनदा भक्कम पानांवर आणि एकदा थापेवर पैसे लावत राहिलो, तर त्याने दिले काय आणि टाकले काय, त्याला फरक पडत नाही. थाप ही वसुलीची मोलकरीण आहे, असा या गणिताचा अर्थ. सिनेमाने मोलकरणीला नायिका केले, एवढेच.

३

फॉन नॉयमन यांच्या नमुन्यात माणसे नव्हती, आणि असण्याची अपेक्षाही नव्हती. खेळणाऱ्यांनी लिहिलेल्या पुस्तकांत मात्र मेजाभोवती माणसे बसलेली असतात. डॉइल ब्रन्सन या टेक्सासच्या खेळाडूने १९७६ आणि १९७७ अशी लागोपाठ दोन वर्षे ‘वर्ल्ड सिरीज ऑफ पोकर’ची मुख्य स्पर्धा जिंकली आणि पुढे काही सहकाऱ्यांची प्रकरणे सोबत घेऊन ‘सुपर सिस्टिम’ हा जाडजूड ग्रंथ प्रसिद्ध केला. तोवरचा सर्वसाधारण समज असा की, भक्कम पाने आली की गरीब होऊन बसावे, दुसऱ्याला पैसे लावू द्यावेत. ब्रन्सन यांनी उलटे सांगितले. जोडीला तिसरे सारखे पान येऊन मिळाले, तर आधी पैसे वाढवणाऱ्याच्या तोंडावर आपणच पैसे लावावेत. कारण आपण हलक्या पानांवरही असेच लावतो हे सर्वांना माहीत असते, आणि समोरचा आपल्या मोठ्या जोडीवर विसंबून उलट वाढवतो. ही पूर्ण वाक्ये बोलणाऱ्या माणसाची, गप्पिष्ट शैलीतली पुस्तकी विद्या आहे. अमुक प्रकारचा माणूस अमुक वेळी काय मनात आणतो, यावर तिची सगळी भिस्त.

डेव्हिड स्क्लान्स्की यांचा ‘थिअरी ऑफ पोकर’ हा ग्रंथ १९८०च्या दशकात याच नावाने प्रसिद्ध झाला. त्यात भक्कम पाने लपवून सावकाश खेळण्यावर स्वतंत्र प्रकरण आहे. लपवण्यासाठी त्यांनी पाच अटी घातल्या : पाने फारच भक्कम हवीत, फुकट मिळालेल्या पुढच्या पानाने दुसऱ्याला दुसऱ्या क्रमांकाची बरी पाने मिळण्याची शक्यता हवी, त्याच पानाने तो आपल्या वर जाण्याचा धोका अगदी थोडा हवा, आत्ताच पैसे लावले तर बाकीचे पळून जातील अशी स्थिती हवी, आणि पॉट अजून मोठा झालेला नसावा. यांपैकी दुसरी अट मला नेहमी थांबवते. समोरच्याला थोडे चांगले दिवस येऊ द्यायचे, कारण त्याशिवाय तो खर्च करणार नाही. सावकारी ज्यांनी जवळून पाहिली त्यांना हा विचार नवा वाटणार नाही.

याच ग्रंथात स्क्लान्स्की यांनी ‘पोकरचा मूलभूत सिद्धान्त’ मांडला. त्याचा आशय असा : सर्वांची पाने उघडी दिसत असती तर तुम्ही ज्या प्रकारे खेळला असता, त्याहून वेगळे खेळलात की प्रतिस्पर्ध्याचा फायदा, आणि तो तसा वेगळा खेळला की तुमचा. या अंतराला ते ‘चूक’ म्हणतात. इथे समीक्षकाने शब्दाजवळ रेंगाळायला हवे. हाती असलेल्या माहितीवर शहाण्यासारखा निर्णय घेणाऱ्याचीही या व्याख्येनुसार ‘चूक’ होते, कारण त्याला झाकलेले पान दिसत नव्हते. म्हणजे वसुलीचा उगम समोरच्याच्या मूर्खपणात असेलच असे नाही. त्याला न दिसणाऱ्या गोष्टीत तो निश्चित असतो. स्क्लान्स्की यांनी हे लपवलेले नाही, आणि म्हणून मी या ग्रंथाला या परंपरेतील सर्वांत प्रामाणिक ग्रंथ मानतो. पुढच्या लेखकांनी ‘चूक’ हा शब्द मात्र रोजच्या अर्थाने घेतला आणि पैसे देणारा चुकार, गबाळा ठरत गेला.

४

१९९८ च्या आरंभी खऱ्या पैशांचा पोकर इंटरनेटवर सुरू झाला. २००३ साली ख्रिस मनीमेकर या अमेरिकन हिशेबनिसाने ऑनलाइन पात्रता फेरीतून वर्ल्ड सिरीजची मुख्य स्पर्धा गाठली आणि २५ लाख डॉलर जिंकले. त्यानंतर या खेळाकडे आणि त्याच्या पुस्तकांकडे लोंढा लागला. ऑनलाइन आल्याने चेहरा गेला, हाताची थरथर गेली, हे सर्वजण सांगतात. वसुलीच्या दृष्टीने त्याहून मोठा बदल वेगाचा होता.

हा बदल आकड्यांत पाहू. दोन झाकल्या पानांत दोन एक्के येण्याची शक्यता २२१ डावांत एकदा. प्रत्यक्ष मेजावर पत्ते पिसणे, वाटणे, चिप्स मोजणे यांत तासाला ३०च्या आसपास डाव होतात. म्हणजे दोन एक्क्यांसाठी सरासरी सात तासांहून अधिक वाट पाहायची. पडद्यावर चार मेजे एकदम उघडून बसणाऱ्याचे, मेजामागे तासाला ७५ डाव धरले, तर ३०० डाव होतात. त्याला एक्क्यांची जोडी पाऊण तासात दिसते. जे भाग्य संध्याकाळभराची आठवण व्हायचे ते नळाच्या पाण्यासारखे झाले. मग प्रत्येक वेळी किती निघाले याची सरासरी काढता येते, नोंदी साठवता येतात, दशांश चिन्हापर्यंत सुधारणा करता येते. वसुली ही तोवर कला होती. इथे ती लेखापरीक्षण झाली.

या लेखापरीक्षणाने लपवण्याचा जुना वाद जवळजवळ निकालात काढला. पॉट १०० रुपयांचा आहे आणि पुढे तीन फेऱ्या आहेत. प्रत्येक वेळी पॉटएवढी रक्कम लावली आणि समोरचा देत गेला, तर मी आधी १०० लावतो, पॉट ३०० होतो, मग ३००, पॉट ९००, मग ९००. समोरच्याकडून निघाले १३००. आता पहिली फेरी मी ‘गरीब’ बनून सोडून दिली, तर उरतात दोन फेऱ्या : १०० आणि ३००, एकूण ४००. एक फेरी लपण्यात ९०० रुपये गेले. लपल्यावर ४०० हमखास मिळतील आणि उघड खेळल्यावर समोरचा दहांतून चारच वेळा शेवटपर्यंत देईल, असे धरले तरी सरासरी ५२० पडते. चक्रवाढ व्याज ज्याला कळते त्याला हे कळते. म्हणून ऑनलाइन पिढीचा उपदेश असा की, भक्कम पाने असतील तर लवकर लावा, मोठे लावा, लाजू नका.

बिल चेन आणि जेरॉड अँकेनमन यांच्या ‘मॅथेमॅटिक्स ऑफ पोकर’ (२००६) या ग्रंथात ही दृष्टी शास्त्रशुद्ध रूपात दिसते. इथे प्रतिस्पर्धी हा माणूस राहत नाही. तो संभाव्य पानांचे एक वितरण होतो. पुढे संगणकाने उरलेले काम केले. जानेवारी २०१५ मध्ये कॅनडातील अल्बर्टा विद्यापीठाच्या संशोधकांनी मर्यादित रकमेचा, दोघांत खेळला जाणारा होल्डम व्यवहारतः सोडवल्याचे जाहीर केले. २०१७ साली कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या ‘लिब्राटस’ या प्रणालीने १,२०,००० डावांत चार व्यावसायिक खेळाडूंना हरवले. पॉटच्या कितीतरी पट रकमा लावण्याची तिची सवय त्या खेळाडूंना जड गेली. आता अभ्यासक सॉल्व्हर नावाच्या प्रणालींना विचारतात आणि उत्तर टक्केवारीत येते : ही पाने इतके टक्के वेळा लावा, इतके टक्के वेळा गप्प राहा. गप्प राहणे पूर्ण संपलेले नाही. आपले मौन म्हणजे दुबळेपणा, असे समोरच्याने गृहीत धरू नये एवढ्यापुरते ते ठेवले आहे. फॉन नॉयमन यांनी सांगितलेला दुसरा हेतू असा कारकुनी काटेकोरपणाने अंमलात आला.

हे सर्व वाचताना मला आनंद होतो, हे सांगायला हवे. गणित मी शाळेनंतर एकट्यानेच शिकलो. एखादा गुंतलेला प्रश्न तीन ओळींत सुटतो तेव्हाचे समाधान या पुस्तकांनी मला भरपूर दिले आहे. आक्षेप त्या गणितावर नाही.

५

माझ्या परिचयाच्या एका तरुणाने दोन वर्षांपूर्वी आपल्या एका डावाची नोंद मला वाचायला दिली. ऑनलाइन खेळात प्रत्येक डावाची अशी नोंद आपोआप तयार होते. या तरुणाकडे एक्का-राजा होता. मेजावर इस्पिक एक्का, बदाम नव्वी, चौकट चौकी उघडली. पॉट ६०० रुपये. समोरच्याने ४०० लावले, याने दिले. चौथे पान दुर्री. समोरच्याने १००० लावले, याने दिले. पाचवे पान सत्ती. समोरच्याने २५०० लावले, याने पुन्हा दिले. समोरच्याकडे दोन नव्व्या होत्या, म्हणजे एकूण तीन.

वसुलीच्या कोणत्याही पुस्तकात हा डाव उदाहरण म्हणून छापता येईल. प्रत्येक रक्कम पॉटच्या साधारण दोन-तृतीयांश ते तीन-चतुर्थांश, समोरच्याला बिचकवणार नाही अशी. एकही फेरी वाया घालवलेली नाही. मात्र पुस्तकात तो तीन नव्व्यांच्या बाजूने छापला जाईल. एक्का-राजावाल्याविषयी एक ओळ असेल : प्रतिस्पर्ध्याकडे एक्क्यांची जोडी असू शकते आणि तो तिच्यावरून उठणार नाही. त्या तरुणाचे देणे फारसे चुकीचेही नव्हते, हे स्क्लान्स्की यांच्या व्याख्येवरून दिसेल. नोंदीतील वेळेनुसार पहिल्या पानापासून शेवटच्या हिशेबापर्यंत एक मिनिटही गेले नव्हते. एक मिनिटात ३९०० रुपये देणाऱ्याने मधल्या क्षणी काय पाहिले, काय मानले, कशावर विश्वास ठेवला, याबद्दल त्या नोंदीत एकच क्रियापद आहे, ‘कॉल’.

हा देणारा पुस्तकांत कोणत्या नावांनी येतो ते पाहावे. ‘फिश’ म्हणजे मासा. पैसेवाला असेल तर ‘व्हेल’. शेवटपर्यंत देत राहणारा ‘कॉलिंग स्टेशन’. ही नावे बोलीतून पुस्तकांत आली आणि तिथे पारिभाषिक झाली. शिकाऱ्याची भाषा आणि तारयंत्राची भाषा, दोन्हींत समोर माणूस नाही. वास्तविक वसुलीचे सगळे शास्त्र त्याच्यावर उभे आहे. पत्ते पैसे निर्माण करत नाहीत; शिवाय खेळ चालवणारा आपला हिस्सा कापून घेतो, म्हणजे सर्व खेळाडूंचे मिळून खाते तोट्यातच असते. माझ्या भक्कम पानांचे मोल त्याच्या खिशातूनच येणार.

यावर बचाव असा केला जातो की, हा कौशल्याचा खेळ आहे आणि बुद्धिबळातही कोणीतरी हरतोच. कौशल्य आहे, यात मला शंका नाही. वरचे ग्रंथ त्याचा सर्वांत सबळ पुरावा आहेत. पण बुद्धिबळात हरणारा डाव हरतो, आणि जिंकणाऱ्याचे कौशल्य त्याच्या खिशात मोजले जात नाही. पोकरमध्ये कौशल्य जितके वाढेल तितकी देणाऱ्याची देणी निश्चित होत जातात. कौशल्याचा युक्तिवाद देणाऱ्याच्या बाजूने वाचला तर सांत्वन करणारा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये आपल्या संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली, आणि पैशांवरच्या ऑनलाइन खेळांना कौशल्य की नशीब हा भेद न करता बंदी झाली. कायदा योग्य की अयोग्य, हा या लेखाचा विषय नाही. कायद्याने भेद पुसला तरी साहित्याच्या अभ्यासकाचा प्रश्न उरतोच : या व्यवहाराची कथा नेहमी एकाच बाजूने का लिहिली गेली?

६

ती दुसऱ्या बाजूने लिहिताच येत नाही असे नाही. अमेरिकेचे गुप्तलिपितज्ज्ञ हर्बर्ट यार्डली यांनी १९५७ साली ‘द एज्युकेशन ऑफ अ पोकर प्लेअर’ लिहिले. ते शिकवण्याचेच पुस्तक आहे. कोणती पाने ठेवावीत, कोणती टाकावीत याचे कोरडे नियम त्यात आहेत. तरीही त्यांच्या इंडियानातील गावच्या आठवणींत एक चिक्कू शेतकरी येतो. तो उरलेसुरले शेत एका फिरत्या तंबूच्या खेळाविरुद्ध पणाला लावतो आणि काही मिनिटांत मेजावरच मरतो; त्याच्या मुठीत जिंकणारी पाने असतात. भक्कम पानांचे याहून वेगळे उदाहरण मला या परंपरेत भेटलेले नाही. वसुली पूर्ण झाली, घेणारा उरला नाही. इंग्रज कवी-समीक्षक ए. अल्वारेझ यांनी १९८१ सालच्या वर्ल्ड सिरीजवर ‘द बिगेस्ट गेम इन टाउन’ (१९८३) लिहिले. चिप्समुळे आणि सवयीमुळे त्या लोकांच्या लेखी पैशाचे पैसेपण कसे संपते, हे त्यांनी टिपले. या दोन्ही पुस्तकांत डोळे मेजाच्या दोन्ही बाजूंना फिरतात, म्हणून ती खेळ बदलल्यावरही वाचली जातात.

बलिप्रतिपदेला द्यूतप्रतिपदा असेही नाव आहे, तेव्हा दिवाळीत द्यूताचे बोलणे परके वाटू नये. आपल्याकडचे द्यूताचे साहित्य मुख्यतः देणाऱ्याच्या तोंडून बोलते. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील अक्षसूक्तात बोलतो तो हरलेला जुगारी. बायको दुरावलेली, डोक्यावर ऋण, आणि शेवटी उपदेश शेत कसण्याचा. सभापर्वात आपण युधिष्ठिराच्या बाजूला बसवले जातो. शकुनीचे कौशल्य आपल्याला तपशिलात शिकवले जात नाही.

नलाची कथा मात्र दोन्ही बाजूंनी जाते. नल आधी सर्वस्व हरतो. पुढे ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाची पाने-फळे एका नजरेत मोजून दाखवतो, आणि नल त्याच्याकडून अक्षहृदय शिकतो. म्हणजे गणित शिकतो. मग परत येऊन पुष्कराला आव्हान देतो आणि पणाला लावतो दमयंतीसह सारे काही. पुष्कर हर्षाने तयार होतो, कारण समोरचा तोच जुना हरणारा नल आहे असे त्याला वाटते. खरे बळ असताना दुबळेपणाचा समज टिकवणे, रक्कम समोरच्याला मोह पडेल एवढी लावणे, सगळे एकदम लावणे : वर पाहिलेले सर्व नियम इथे पाळले गेले आहेत. नल एकाच पणात सर्व जिंकतो.

आणि मग तो पुष्कराला जीवदान देतो, त्याचा वाटा त्याला परत करतो आणि भाऊ म्हणून निरोप देतो. महाभारतकाराला हा प्रसंग सांगावासा वाटला, कारण त्याच्या कथेत हरल्यानंतरही पुष्कर होता. वसुलीच्या ग्रंथांत डाव रिव्हरच्या पानाशी, पॉट सरकवला की संपतो. देणारा त्यानंतर कुठे जातो, हे पाहायला त्यांत एकही पान राखलेले नाही.